बंगल्याखालचा फाटा

आमच्या दूरसंवेदन कक्षात तिला सगळे घारताई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. उंचावरून जमिनीकडे बघत राहायचं आणि काही हललं की झडप घालायची, हे तिचं कामच आहे. उपग्रह आमचे नाहीत, मोठ्या देशांचे आहेत. ते जाता जाता आमच्यावरून जातात, त्यांनी काढलेली चित्रं आम्हाला फुकट मिळतात. त्या चित्रात आमचा अख्खा देश एका कोपऱ्यात मावतो, बाकी सगळा समुद्र. "एक बऱ्यापैकी ढग आला की आपला देश गायब," असं आमचे संचालक येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि पाहुण्याच्या आधी स्वतःच हसतात.

कक्ष बंदर खात्याच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. तिथे तीन चित्रवाचक बसतात. किनारा किती सरकला, खारफुटी कुठे तुटली, खाडीत कुणी भराव टाकला, हे जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून ते शोधतात. मी खालच्या मजल्यावर हिशेब बघतो. पण वरचा चहा चांगला असतो, त्यामुळे तिथलं बरंचसं मला माहीत असतं.

लहान देशात परकं कोणी नसतं, ही या कामातली मोठी अडचण. भराव टाकणारा कुणाचा तरी साडू निघतो, खारफुटी तोडणारा कुणाचा तरी मामेभाऊ. म्हणून कक्षात एक रीत पडली आहे. आपल्या नात्यातल्या माणसाची जमीन पडद्यावर आली की तो तुकडा शेजारच्याला द्यायचा आणि त्याचा एखादा तुकडा आपण घ्यायचा. याला तिथे "ताट फिरवणं" म्हणतात.

"माझं ताट फिरव रे, आतेभावाची वीटभट्टी आलीय."

"दे. पण माझ्या सासऱ्यांचा गोठा तू घे."

असं दिवसभर चालतं. रीत चांगली आहे. घारताईला तिचा फटका बसेपर्यंत तिलाही ती चांगलीच वाटत होती.

तिची आई खाडीजवळच्या सखल वस्तीत तळमजल्यावर राहायची. म्हातारी शेवटी शेवटी अंथरुणाला खिळलेली होती. घारताईने आणि तिच्या धाकट्या बहिणीने तिला आपल्याकडे न्यायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ती म्हणायची, "मी इथून निघेन ती एकदाच." या धाकटीचा नवरा भरावाचा कंत्राटदार. माहेरी सगळे त्याला जावईबापू म्हणत, घारताईही म्हणायची. वस्तीच्या वरच्या अंगाला खाडीचा जो भाग होता, तिथून पाणी दोन फाट्यांनी समुद्राकडे जायचं. जावईबापूंनी ते दोन्ही फाटे भरून टाकले. एका फाट्यावर मोकळं मैदान झालं. दुसऱ्यावर त्यांनी स्वतःचा बंगला बांधला.

पुढे वादळ आलं, नेमकं उधाणाच्या भरतीला. पावसाच्या पाण्याला जायला वाट उरली नव्हती, ते वस्तीत शिरलं. दोघी बहिणी रस्त्यापलीकडे अडकल्या. पाणी उतरल्यावर दार फोडलं तेव्हा पलंग भिंतीला लागलेला होता आणि आई पलंगावर नव्हती.

चौकशी झाली. जावईबापूंच्या तज्ज्ञाने समितीपुढे उपग्रहाचं एकच चित्र ठेवलं, भरावाच्या आधीचं. त्यात दोन्ही फाटे कोरडे, करडे दिसत होते. "फाटे आधीच गाळाने मेले होते," तज्ज्ञ म्हणाला. "आमच्या अशिलाने फक्त वर माती टाकली."

यातली मखलाशी समजायला फार शिकावं लागत नाही. ते चित्र उधाणाच्या दिवसातल्या अगदी तळाच्या ओहोटीचं होतं. त्या वेळी फाट्यात पाणी राहतं ते पायवाटेएवढं, आणि फुकटच्या चित्रातला एक ठिपका एका घराएवढा असतो. पायवाटेएवढं पाणी त्या ठिपक्यात हरवून जातं. म्हणून किनाऱ्याचं चित्र हातात आलं की आधी विचारायचं, भरती होती की ओहोटी? आमच्या कक्षात हे पहिल्या दिवशी शिकवतात. समितीने विचारलं नाही. घारताईला तिथे बोलायची मुभा नव्हती, कारण मेलेली बाई तिची आई आणि ज्याच्यावर आरोप तो तिच्या बहिणीचा नवरा. ताट फिरून शेजारच्या टेबलावर गेलं होतं. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ जावईबापूंच्याच इमारतीत भाड्याने राहत होता. त्याने चित्र पाहिलं, घसा खाकरला आणि गप्प बसला. त्या दिवसापासून घारताईने त्याचं नाव मौनी ठेवलं.

समितीने ठरवलं, नैसर्गिक आपत्ती. जावईबापू त्या दिवशी आमच्या जिन्यात भेटले. चेहऱ्यावर सुटल्याचा तजेला होता. घारताई वरून उतरत होती.

"ताई," ते हसत, मोठ्याने म्हणाले, "वरून देव बघतो आणि तुम्ही बघता. दोघांनाही काही दिसलं नाही. मग मलाच का धरायचं?"

जिन्यात आम्ही चार-पाच जण होतो. घारताईने कठडा धरला.

"अजून बघतेच आहे," ती म्हणाली आणि उतरून गेली.

त्यानंतर तिने खरंच बघितलं. नवीन चित्र आलं की आधी नेमून दिलेलं काम करायची, मग जावईबापूंचा प्रदेश उघडायची. त्यांनी कुठे माती ओतली, कुठे कुंपण चार हात पुढे सरकवलं, कुठे खारफुटीत रस्ता पाडला, ते सगळं तिला त्यांच्या मुकादमाआधी कळायचं. स्वतः काही करता यायचं नाही, नातं आड यायचं. मग ती मौनीच्या टेबलावर बोटाने टकटक करायची.

"तुझ्या घरमालकाने परत खारफुटी कापलीय. बघतोस की डोळे दुखतायत?"

मौनी बिचारा घाम पुसत अहवाल लिहायचा. जावईबापूंना नोटिसा जायच्या. एक नोटीस तर त्यांच्या वाढदिवसाला पोचली. मी म्हटलं, हा योगायोग नसावा.

"वाढदिवस लक्षात ठेवावे लागतात, हिशेबनीस," ती म्हणाली. "नातं आहे."

ती मला हिशेबनीस म्हणते.

नोटिसांनी जावईबापूंचं फारसं बिघडलं नाही. काही दंड भरले, काही नोटिसा दाबल्या. घारताईलाही ते माहीत होतं. "हे चिमटे आहेत," ती म्हणायची. "मला याचं हाड मोडायचंय." हे ती चहात साखर ढवळता ढवळता म्हणायची, आवाज न चढवता. ऐकणाऱ्याला कप खाली ठेवावासा वाटायचा.

बहिणीचं मात्र येणं-जाणं चालू होतं. धाकटी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन यायची. दोघी गॅलरीत भाजी निवडत बसायच्या. लहानपणापासून धाकटीला आईपेक्षा ताईनेच वाढवलेलं, वेण्या घातल्या, शाळेत सोडलं, पहिली नोकरी लावून दिली. नवऱ्याचा विषय दोघी काढत नसत. कधी चुकून निघाला तर एवढंच व्हायचं:

"ते बरे आहेत."

"मी विचारलं नाही."

आणि पुढची जुडी उघडायची. घारताईला दुसरं कोणी नव्हतं. लग्न केलं नाही, मैत्रिणी फारशा नाहीत. आठवड्यात ती एकदाच मोकळं हसायची, त्या गॅलरीत.

नंतर एका उधाणाला वस्तीत पुन्हा पाणी शिरलं. या वेळी माणसं वाचली, पण सामान गेलं. लोक भिजलेल्या गाद्या घेऊन मोठ्या रस्त्यावर बसले आणि उठेनात. शेवटी सरकारने ठरवलं की खाडीचा एक फाटा पुन्हा उकरायचा. दोन्ही का नाही, असं लोकांनी विचारलं. अभियंत्याने सांगितलं की पाणी दोघांत वाटलं गेलं की त्याचा जोर जातो आणि दोन्ही फाटे गाळाने भरतात. एकच उकरा, पण जो मुळात खोल होता तो. ओहोटीलाही ज्यात पाणी टिकायचं, तो स्वतःला साफ ठेवतो.

खोल कुठला होता? मैदानातला की बंगल्याखालचा? हे भरावाआधीची चित्रं बघूनच सांगता येणार होतं. बंदर खात्याच्या सचिवबाईंनी बैठक बोलावली. मी खर्चाचे कागद घेऊन मागे बसलो होतो.

"कोण करणार हे काम?" सचिवबाईंनी विचारलं.

मौनी उठून उभा राहिला. "मी त्यांचा भाडेकरू आहे."

तिसरा चित्रवाचक म्हणाला, "माझा मुलगा त्यांच्याकडे कामाला आहे."

घारताईचं नातं सगळ्यांना पाठ होतं. संचालक टक्कल खाजवत म्हणाले की बाहेरच्या देशातून कुणाला तरी बोलवावं लागेल, सहा महिने तरी जातील.

तेव्हा जावईबापूंनी हात वर केला. जागेचे मालक म्हणून ते बैठकीला आले होते. "कशाला बाहेरचा माणूस? ताईच करू देत की. घरच्याच आहेत. माझी काही हरकत नाही, लिहून घ्या."

मला क्षणभर त्यांचं डोकं फिरलंय असं वाटलं. पण त्यांचा हिशेब सरळ होता. बंगल्यात तिची बहीण राहते. जिच्या वेण्या घातल्या तिच्या स्वयंपाकघरावर ही यंत्र कशी चालवेल? शेजारी रिकामं मैदान पडलेलं असताना? आमच्याकडे सगळ्यांचीच सगळी कामं नात्यावर होतात. त्यांचीही आजवर तशीच झाली होती. नात्याचा माणूस सांभाळून घेतो, यापलीकडे त्यांना काही सुचलंच नाही.

"लिहून घ्या," घारताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. परदेशी कंपनीकडून एक जुनं चित्र विकत घ्यायचं होतं, त्याला माझी सही लागत होती. भरावाच्या आधीचं, ओहोटीचं, पण बारीक ठिपक्याचं, ज्यात पायवाटसुद्धा दिसते.

"घ्यायलाच हवं," मी म्हणालो. "पण त्यात मैदानातला फाटा खोल निघाला तर?"

तिने दार लोटून घेतलं. "तर ते चित्र कुणाला दिसणार नाही. भरतीची फुकटची चित्रं माझ्याकडे ढिगाने आहेत. पाणी चढताना एक फाटा आधी भरतो, उतरताना दुसरा भरलेला राहतो. वेळ निवडली की हवा तो फाटा मोठा दाखवता येतो."

"अहो, मग चौकशीत त्याने केलं तेच झालं की."

"हो. शिकले त्याच्याकडून."

"आणि चुकीचा फाटा उकरला तर? वस्तीतल्या लोकांचं काय?"

"पाणी त्यातूनही जाईल. थोडं कमी जाईल." तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "सही करताय ना?"

चित्र मागवण्यात गैर काही नव्हतं. मी सही केली.

चित्र यायच्या आधी धाकटी ऑफिसात आली. यापूर्वी ती कधी आली नव्हती. जेवणाची सुट्टी होती. दोघी जिन्याच्या बाकावर बसल्या आणि माझ्या खोलीचं दार उघडंच होतं.

"ताई, ते म्हणाले, तू बघ बोलून. म्हणून आले."

"बोल."

"पुढची खोली आणि स्वयंपाकघर जाईल म्हणे. सगळं मी माझ्या हाताने लावलंय गं. मैदान नुसतं पडलंय, कुत्रीसुद्धा फिरत नाहीत तिथे."

"आई गेली त्या घरात राहतेस तू."

"आई त्या घरात नाही गेली."

"त्या घरामुळे गेली."

धाकटीने पदराचं टोक पिळलं. "मला काय कळत नाही का? मी रोज त्या फरशीवर चालते. पण जाऊ कुठे?" मग म्हणाली, "बरं, एक कर. चित्रात जे दिसेल तेच सांग. आमचा फाटा निघाला तर निघाला. मी त्यांना समजावीन. पण चित्रातलंच सांग. सांगशील ना?"

"चल, चहा घेऊ," घारताई म्हणाली.

धाकटीने ते हो समजलं. ताईचं बोट धरूनच ती मोठी झाली होती, तिला दुसरं काही समजायची सवय नव्हती.

चित्र आलं त्या सकाळी तिने मला वर बोलावलं. या चित्रात पाणी काळं दिसतं, ओला चिखल करडा आणि कोरडी जमीन फिकी. मैदानाच्या जागी एक रुंद करडा पट्टा होता. नुसता चिखल. शेजारच्या फाट्यात मधोमध एक काळी रेघ होती, बारीक, पण वरच्या खाडीपासून समुद्रापर्यंत कुठेही न तुटलेली. तळाच्या ओहोटीलाही तिथे पाणी वाहत होतं. घारताईने त्यावर आजच्या बंगल्याची बाह्यरेषा आणून ठेवली. रेघ फाटकातून आत शिरली, पुढच्या खोलीतून गेली आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडली.

ती हसली. गॅलरीत हसायची तसं नव्हे. मग तिने हाक मारली, "मौनी, इकडे ये. नीट डोळे उघडून बघ. यात मी काही हात घातलाय का?"

मौनीने बघितलं. "नाही."

"बैठकीत हेच म्हणायचं. घसा आताच खाकरून घे."

बैठकीत जावईबापूंनी चित्र पाहिलं आणि खुर्ची मागे ढकलून उठले. "ही बाई सूड घेतेय!"

"घेतेय," घारताई म्हणाली. "आणि चित्र खरं आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, जावईबापू."

"नात्यातल्या माणसाला हे काम द्यायलाच नको होतं!"

सचिवबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमची हरकत नाही हे तुम्हीच लिहून दिलंय." मग मौनीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंत? बरोबर आहे?"

मौनी घसा न खाकरता म्हणाला, "बरोबर आहे. मागच्या चौकशीतलं चित्र तळाच्या ओहोटीचं होतं, तेही लिहून घ्या." महिन्याभरात त्याला घर सोडावं लागलं. घारताईने सामान हलवायला टेम्पो ठरवून दिला, पण नाव मात्र बदललं नाही.

बंगला पाडायच्या दिवशी तिने रजा टाकली. इस्त्रीची साडी नेसली आणि समोरच्या दुकानदाराकडून प्लास्टिकची खुर्ची मागून रस्त्याच्या कडेला बसली. मला म्हणाली होती, तुम्हीही या, सही तुमची आहे. मी शेजारी उभा होतो. वस्तीतले लोकही आले होते, पोरं खांद्यावर घेऊन. यंत्राने आधी फाटक उचललं, मग पुढच्या खोलीचं छत खाली आणलं. धूळ आमच्यापर्यंत आली. तिने तोंडाला पदर लावला नाही.

जावईबापू रस्ता ओलांडून आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. "झालं समाधान?"

"होतंय."

"तुमच्याच बहिणीचं घर आहे ते."

"तुमच्या सासूबाईंचं घर खाली होतं."

"मी मुद्दाम मारलं का त्यांना?"

"नाही. मुद्दाम खोटं बोललात. मुद्दाम जिन्यात हसलात." ती खुर्चीत मागे टेकली. "सरका बाजूला, दिसत नाही."

ते गेले. वाईट वाटायला हवं होतं, पण मला वाटलं नाही. लोक म्हणतात सूड घेऊन माणसाला शांती मिळत नाही. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मला दिसत होता.

थोड्या वेळाने धाकटी आली. हातात भांड्यांची पिशवी होती, केसांत धूळ. ती खुर्चीपाशी उकिडवी बसली, लहान मुलगी बसेल तशी.

"ताई, मी त्यांना रात्रंदिवस सांगतेय. ताईने चित्रात होतं तेच सांगितलं, ताईवर आग पाखडू नका. ते म्हणतात, तुझी बहीण काहीही असतं तरी आपलंच घर पाडणार होती. मी म्हटलं, मी ओळखते तिला." तिने मान वर केली. "एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. मैदानातला फाटा निघाला असता, तर तू तोच सांगितला असतास ना?"

एक शब्द पुरला असता. मी घारताईकडे बघत होतो. खोटं बोलायला तिला कधी जड गेलं नव्हतं, चित्र येईपर्यंत ती त्याचीच तयारी करून बसली होती.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हाही मी हाच सांगितला असता."

धाकटी रडली नाही. तिने पिशवी उचलली, पिशवीतल्या झाकणांचा आवाज झाला. "घराचं मी सोडून दिलं होतं, ताई," ती म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत निघाली. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी डबा आलेला नाही.

"अहो, 'हो' म्हणायचं होतं," मी म्हणालो. "कुणाचं काय गेलं असतं?"

"खरं सांगायला मला तीच एक होती. बाकी कुणाला सांगू मी किती चिडले होते ते?" तिची नजर समोरच होती. "तिचीही आई होती ना ती."

"मग जा तिच्या मागे. अजून कोपऱ्यावरच असेल."

"जाते," घारताई म्हणाली, पण उठली नाही. यंत्र वळून स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर उभं राहिलं होतं. चालकाने लोखंडी हात वर घेतला.

"आधी हे पडू दे."